बाबा फोटोला बसत नाहीत

२६ फेब्रुवारी

नव्या वर्षाची पिवळी फुलं सुकून गळाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि स्टुडिओत लग्नाचं एकही बुकिंग नाही. हल्लीच्या मुलींना न्हा त्रांगला जाऊन, गुडघाभर लाटांत उभं राहून, डोक्यावर ड्रोन उडवून फोटो काढायचे असतात. समुद्र आमच्या सोंग काऊलाही आहे. पण आमच्या समुद्राला मासळीचा वास येतो म्हणे. फोटोत वास उतरत नाही, हे कुणाला सांगायचं?

दुपारी खांगगुरुजी आले. ज्येष्ठ मंडळाचे अध्यक्ष. शाळेत त्यांनी मला गणितात नापास केलं होतं आणि अजून ते माझ्याकडे त्याच नजरेने बघतात. मंडळातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे, मेल्यावर घरच्या देव्हाऱ्यात लावायचे फोटो आत्ताच काढून ठेवायचेत म्हणाले.

"गेल्या वर्षी आमचे एक सभासद गेले. घरात धड फोटो नाही. शेवटी पुतण्याच्या लग्नातला कापून लावला, तर खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिला. आता उदबत्ती लावताना सगळं घर रोज विचार करतं, हा हात कुणाचा!"

मला हसू आलं. गुरुजींना नाही.

मी म्हटलं, विचार करून सांगते. खरं तर मन घेत नव्हतं. दर्शनी काचेत नवऱ्यामुलींचे फोटो लावायचे आणि आत मरणाचे काढायचे? उरलीसुरली गिऱ्हाइकंही पळतील. थुई, आमची मेकअपवाली, तर सरळ म्हणाली, "ज्या ब्रशने मी नवरीला सजवते, त्याने म्हाताऱ्यांना पावडर लावणार नाही. सांगून ठेवते."

तेवढ्यात मागून आवाज आला, "हो म्हण."

बाबा. त्यांनी अख्खं आयुष्य हा स्टुडिओ चालवला, आणि मी नवऱ्याला सायगॉनला सोडून परत आले तेव्हा एक शब्द न विचारता किल्ली माझ्या हातात दिली. आई गेल्यापासून मात्र दिवसभर वर्तमानपत्राआड असतात. दोन शब्द बोलले आणि पुन्हा आड गेले. ते हल्ली इतकं कमी बोलतात की बोलले की ऐकावंच लागतं. मी गुरुजींना हो म्हटलं.

९ मार्च

आज ग्रामदेवतेच्या मंडपात पांढरा पडदा लावून पहिली बैठक. धड म्हणावा असा रेशमी आओ याय, आमचा सणासुदीचा लांब झगा, एकीकडेच निघाला, निळा. तोच सगळ्या बायकांनी आळीपाळीने घातला. बारीक बायकांना तो मागून कपड्यांचे चिमटे लावून आवळला, जाड्यांच्या पाठीवर उघडाच ठेवला. फोटोत पाठ कुठे दिसते? पुरुषांचा कोटही असाच एकुलता एक. बेनआजोबा, ज्यांचा जन्म होड्या बांधण्यात गेला, ते वल्ह्यासारखे हात त्या कोटात कोंबत म्हणाले, "सगळे हाच कोट घालून वर गेलो तर वरच्यांना वाटेल, एकच माणूस परत परत येतोय."

रांगेत हशा पिकला. पण खुर्चीत बसलं की प्रत्येकाचा दगड. जबडा आवळलेला, डोळे ताठ. शेजारी गुरुजी उभे. "हसू नका. हा देव्हाऱ्याचा फोटो आहे, बाजार नव्हे."

सगळ्यात शेवटी आली दाओमावशी. पलीकडच्या वाडीत तिची नुओकमामची पिंपं आहेत. मीठ घालून वर्षभर मासळी मुरवायची आणि खालच्या तोटीतून रस काढायचा, हा तिचा धंदा. ती दारात येण्याआधी तिचा वास आला.

"हे निळं मी नाही घालणार," ती म्हणाली.

"सगळ्यांनी घातलंय," गुरुजी.

"म्हणूनच नाही घालणार. माझी नातवंडं म्हणतील, ही कुठली बाई आणून बसवली?" मग तिने माझ्या कॅमेऱ्यात डोकावून बाकीच्यांचे फोटो पाहिले. "अगं पोरी, हे काय केलंस? सगळे पोलिसांनी धरून आणल्यासारखे!"

"देव्हाऱ्यातला फोटो असाच असतो, मावशी."

"देव्हारा असतो कुठे? जेवायच्या खोलीत. म्हणजे मेल्यावर मी तिन्ही त्रिकाळ पोरांच्या ताटाकडे बघत बसणार. असलं तोंड करून बघितलं तर त्यांच्या घशाखाली घास उतरेल का?"

कोपऱ्यातून कुणीतरी खदखदून हसलं. वळून पाहिलं तर बाबा! माझ्या हातातला लाइट पडता पडता राहिला. बाबांचं हसणं किती वर्षांनी ऐकलं.

दाओमावशी खुर्चीवर बसलीच नाही. "माझा काढायचा असेल तर घरी ये, पिंपांपाशी," असं म्हणून निघून गेली. गुरुजींनी यादीत तिच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं.

१० मार्च

सगळे फोटो मोठे करून पाहिले. बाईचं खरं आहे. एकेक चेहरा सरकारी कचेरीतल्या रांगेतला. मी मुलींना लग्नात 'जरा एकमेकांकडे बघा' म्हणते, 'जरा हळू हसा' म्हणते. म्हाताऱ्यांना मी काहीच म्हटलं नाही. मला काय म्हणायचं तेच माहीत नव्हतं. मी घाबरले होते, हे इथे लिहायला हरकत नाही. समोर बसलेलं माणूस मरणार आहे, एवढंच डोक्यात फिरत होतं.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "दाओबाईंकडे कधी जायचं?"

"जाईन मी या आठवड्यात."

"स्टँड जड असतं. मी येतो."

ते स्टँड गेली कित्येक वर्षं मी एकटीच उचलतेय.

१४ मार्च

दाओमावशीच्या अंगणात पुरुषभर उंचीची लाकडी पिंपं, वर वेताची झाकणं. मी तिला सकाळच्या उन्हात उभं केलं. ती काही केल्या गप्प बसेना. ओठ मिटले की मी बटण दाबणार तोच तिचे ओठ उघडत. शेवटी मी चिडून म्हटलं, "मावशी, एक मिनिट. इथून तुमच्या घरच्यांकडे बघायचंय असं समजा. काय बघाल?"

"धाकटा नातू भातातले मासे बाजूला काढतो का ते. अस्सा कान पिरगाळीन!"

बाबा लाइट धरून उभे होते. ते मध्येच म्हणाले, "देव्हाऱ्यातून हात कसा पोचायचा?"

"तुमच्या देव्हाऱ्यात आहे ना बायको? तिचा नाही पोचत?" ती फटकन म्हणाली.

"पोचतो की. रोज सांगते, शर्ट बदल."

आणि ती हसली. मान किंचित कलती, डोळ्यांच्या कडांना उन्हाच्या सुरकुत्या, हातात रस चाखायची वाटी. तेवढा एक क्षण मला मिळाला. आजवर काढलेल्या माझ्या सगळ्या फोटोंत हा चांगला असेल. एकच खोट आहे, ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. माझ्या डाव्या बाजूला कुठेतरी बघतेय. तिथे तर काहीच नव्हतं, बाबाच तेवढे लाइट धरून उभे होते.

निघताना तिने बाबांना वाटीतून पहिला, सगळ्यात दाट रस चाखायला दिला. रस्ताभर बाबा म्हणत होते, "पहिल्या तोटीचा आहे, लाम. पहिल्या तोटीचा."

३० मार्च

आता मी मंडपात जातच नाही, घरोघरी जाते. प्रत्येकाला एकच विचारते, देव्हाऱ्यातून काय बघायला आवडेल? सुरुवातीला जीभ अडखळायची. पण म्हाताऱ्यांना या प्रश्नाचं काहीच वाटत नाही. उलट वाट बघत असल्यासारखी उत्तरं येतात. एक आजी म्हणाली, सुनेला राग आला की तिचं तोंड बघायला मजा येते, ते बघीन. एक आजोबा म्हणाले, टीव्ही तिरका लावायला सांगा, मला मॅच दिसायला हवी. उत्तर देताना चेहऱ्यावर जे येतं ते टिपायचं, बस्स.

बेनआजोबांचा काल त्यांच्या होड्यांच्या शेडमध्ये काढला. अर्धवट बांधलेल्या होडीच्या पोटावर एक हात ठेवून, दोनच दात दाखवत, दुसऱ्या हाताने आपलं पोट धरून हसताना. त्यांचा मुलगा त्वान कापडी पडदा धरून उन्हाला आडोसा करत होता. बोलत नाही फारसा. जाताना दोन खेकडे बांधून दिले. मी म्हटलं नको, तर लाल झाला.

गुरुजी संतापलेत. "पूर्वज हसतात होय? हा अपमान आहे." दोन घरच्या मुलांनीही फोटो परत पाठवले, गंभीर हवेत म्हणून. मी गंभीर काढून दिले. मन खट्टू झालं.

५ एप्रिल

कबरी स्वच्छ करायचा दिवस. आईच्या कबरीवरचं गवत बाबांनी मला काढू दिलं नाही, सगळं स्वतः काढलं. मग मला म्हणाले, तू पुढे हो. मी फाटकाशी थांबून पाहत होते. ते उकिडवे बसून आईशी बराच वेळ बोलत होते, हातवारे करून. शेवटी दगडावर हात फिरवून उठले.

निरोप घेताना माणूस असंच करतं.

२१ एप्रिल

बाबांचं काहीतरी बिघडलंय.

एक, त्यांनी केस काळे केले. दोन, सगळे जुने शर्ट शेजारच्या देवळात देऊन टाकले आणि नवे आणले, त्यातला एक चक्क आकाशी. तीन, रोज सकाळी 'देवळात जातो' म्हणून जातात ते दुपारी येतात. चार, रात्री जेवत नाहीत, भूक नाही म्हणतात. मी मासिकात वाचलंय, शेवट जवळ आल्याची चाहूल लागली की माणसं आवराआवर करतात, देणंघेणं वाटून टाकतात, देवाधर्माला लागतात.

आज धीर करून म्हटलं, "बाबा, तुमचाही फोटो काढून ठेवू या. सगळ्यांचा काढला, तुमचाच राहिला."

"आत्ता नको."

"का?"

"तयारी झाली नाही अजून."

कसली तयारी, हे विचारायची हिंमत झाली नाही.

थुईला सांगितलं तर तिने हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाली, "देवळातून येतात तेव्हा कसला वास येतो गं त्यांना?"

"मासळीचा. देऊळ बंदराच्या वाटेवर आहे ना."

"हं," म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवून आत गेली. माझ्या दुःखाची कुणाला किंमत नाही.

४ मे

बाबांना फसवून तुय होआच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. म्हटलं, माझं पोट दुखतंय, सोबत चला. तिथे पोचल्यावर त्यांचंच रक्त काढायला लावलं. दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

सगळं ठीक निघालं. हृदय चांगलं, फुफ्फुसं चांगली. फक्त रक्तदाब थोडा चढलेला. तरुण डॉक्टर चष्मा वर करून म्हणाला, "आजोबा, मीठ फार जातंय पोटात. नुओकमाम जेवणात घेता की पेल्याने पिता?"

बाबा छताकडे बघत राहिले.

मी म्हटलं, "डॉक्टर, आमच्या घरी एवढं खारट काहीच नसतं."

"कुठेतरी असणार," डॉक्टर म्हणाला.

जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. यंत्रांना सगळंच थोडं कळतं?

२३ मे

बेनआजोबा गेले. परवा सकाळी शेडमध्येच, होडीला टेकून बसलेले. घरच्यांना वाटलं, डुलकी लागलीय.

त्वान फोटोसाठी आला. मी विचारलं, "गंभीर म्हणजे माझ्याकडे मंडपातला तो कोटातला तेवढाच आहे, तो देऊ?" त्याने मान हलवली. "हसरा द्या. मोठा करून."

पुढचं लिहिताना हात थांबत नाहीये. अंत्यविधीला गेले तेव्हा दारात सनई-ढोल चालू होते, घरचे डोक्याला पांढऱ्या पट्ट्या बांधून उभे. शवपेटीपुढे माझा फोटो. मला वाटलं, आता सगळे मला धरून मारणार. बायका रडत आत येत, उदबत्ती घेऊन मान वर करत आणि रडता रडता अडकत. तो चेहराच तसा. दोन दात, पोट धरलेलं. एक म्हातारा कोळी डोळे पुसत म्हणाला, "बघा, आत्ताही माझ्यावरच हसतोय, हलकट." मग आजोबांची थोरली बहीण आली, नव्वदीची, दोघांनी धरून आणलेली. फोटोसमोर उभी राहिली आणि काठी उगारून म्हणाली, "पहिली होडी बांधलीस तेव्हा मला बसवून बुडवलीस! तेव्हाही काठावर उभा राहून असाच हसत होतास!"

सगळं घर हसलं. रडत होतं तेच घर. मग ती बुडालेली होडी, मग दुसरी, मग आजोबांनी वादळात बायकोऐवजी करवत वाचवली ती गोष्ट, एकातून एक निघत गेल्या. त्या दुपारी बेनआजोबा किती जगले असतील! मी आजवर मयताला गेले तेव्हा गेलेल्या माणसाबद्दल 'चांगला होता' याच्यापुढे काही ऐकलं नव्हतं.

खांगगुरुजी फोटोपुढे ताठ उभे होते. बराच वेळ. उदबत्ती बोटांपर्यंत जळत आली तेव्हा कुठे ती रोवली.

११ जून

सकाळी दुकान उघडतेय तोच गुरुजी दारात. इस्त्रीचा शर्ट. "माझा पुन्हा काढायचा आहे. हसतानाचा."

बसले. पण हसता येईना. ओठ ताणले तर दात दुखल्यासारखे दिसत. थुईने विनोद सांगितले, त्यांनी व्याकरणाची चूक काढली. बाबांनी आरसा धरला. गुरुजी घामाघूम. "नेमकं काय करायचं ते क्रमाने सांगा," म्हणाले.

मी थकून म्हटलं, "गुरुजी, मला गणितात किती मार्क दिले होते, आठवतं?"

"अकरा," ते तत्काळ म्हणाले. "आणि त्यातले पाच दयेचे." मग थांबले. "उत्तरपत्रिकेच्या शेवटी तू लिहिलं होतंस, 'गुरुजी, मी गेले तर माझ्या आईला सांगा, मी प्रयत्न केला.'" आणि त्यांच्या पोटातून काहीतरी उसळलं, खांदे हलायला लागले, चष्मा नाकावर आला. मी बटणावरचं बोट काढलंच नाही.

फोटो पाहून म्हणाले, "हा माणूस बरा दिसतो. याच्या वर्गात मुलं बसली असती."

त्वान येऊन गेला. आत्यासाठी बेनआजोबांची एक प्रत हवी म्हणे. सोबत शहाळी.

२७ जून

लिहू की नको.

दाओमावशीला तिचा फोटो चौकटीत बसवून द्यायला गेले. मनावर ओझं होतंच. तिने पेज पुढे ठेवली आणि विचारलं, "चेहरा का उतरलाय?" आणि मी फुटलेच. सगळं सांगितलं. केस, शर्ट, देऊळ, जेवण, कबरीवरचं बोलणं. "मावशी, बाबांना काहीतरी झालंय."

ती बराच वेळ गप्प. ही बाई गप्प! मग म्हणाली, "हो गं. झालंय खरं."

"तुम्हाला माहितीये? काय झालंय?"

तिने पिंपांकडे तोंड करून हाक मारली, "या हो बाहेर. पोरगी रडायला लागली, आता पुरे."

पिंपामागून बाबा आले. बनियनवर, हातात लांब पळी, काळ्या केसांना मिठाची पांढरी कड. त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "लाम, मी सांगणारच होतो. दाओ म्हणाली, आधी फोटोचं काम उरकू दे."

दाओ. बाई गळून पडलं होतं कधीच, माझ्याच लक्षात नाही आलं.

मला आनंद व्हायला हवा होता. माणूस मरत नाहीये, एवढं पुरे होतं. पण आनंद झाला नाही. मी पेज तशीच टाकून घरी आले आणि आईच्या फोटोपुढे बसले. तिचा फोटो ओळखपत्रावरून मोठा केलेला. तिला काही विचारावं तर ती डोक्यावर ओळखपत्राचा नंबर छापल्यासारखी समोर बघत होती.

२९ जून

दोन दिवस बाबांशी बोलले नाही. ते देवळातही गेले नाहीत. वर्तमानपत्र घेऊन बसतात, पान उलटत नाहीत.

आज गिऱ्हाईक नव्हतं म्हणून या मोसमातले सगळे फोटो एकापाठोपाठ लावून पाहिले. मरणाचे म्हणून काढलेले फोटो. त्यात एकही चेहरा मरणाचा नाही. सुनेला चिडवणारी आजी, मॅचवाले आजोबा, गुरुजी. ज्याला विचारलं की तू गेल्यावर काय बघशील, तो जिवंत माणसांकडेच बघायला लागला. आणि मग दाओमावशीचा आला. मान कलती, हातात वाटी, माझ्या डाव्या बाजूला बघणारी.

तिथे तर काहीच नव्हतं, असं मी लिहिलंय. मागची पानं उलटून वाचलं. चक्क लिहिलंय.

थुईला दाखवलं. ती म्हणाली, "अगं, हे मला मार्चमध्येच कळलं होतं. आख्ख्या गावाला कळलं होतं. फोटोवाल्या बाईला तेवढं दिसलं नाही."

मी आत बाबांकडे गेले. बाबांना म्हटलं, "तो आकाशी शर्ट घाला. घरात हा मळका नको."

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

३ जुलै

बाबा म्हणाले, तू मानलंस, पण आईला विचारल्याशिवाय नाही. देव्हाऱ्यापुढे उदबत्त्या लावल्या, बशीत दोन जुनी नाणी घेतली. मला शेजारी बसवलं. एक छापा, एक काटा पडला तर आईचं 'हो'. दोन्ही काटे पडले तर 'नाही'. दोन्ही छापे पडले तर ती नुसती हसतेय, उत्तर देत नाहीये.

बाबांनी हात जोडून सगळं सविस्तर सांगितलं, दाओचं नाव, वाडी, पिंपं, वय. नाणी टाकली. दोन्ही छापे.

"हसतेय," मी म्हटलं.

पुन्हा टाकली. पुन्हा दोन्ही छापे.

बाबांच्या कपाळावर घाम आला. "हसतेस काय? मी गंभीरपणे विचारतोय. केस काळे केलेत त्याला हसतेस का?"

मला आवरेना. मी देव्हाऱ्यापुढे लोळायची बाकी राहिले. ओळखपत्रावरच्या त्या चेहऱ्यामागे माझी खरी आई इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला दिसली. बाबा नव्या साबणाने आंघोळ करून आले तरी तिला हसू यायचं, तसंच. ती असती तर हाताने तोंड दाबून दोनदा हसली असती, मगच हो म्हणाली असती.

तिसऱ्यांदा एक छापा, एक काटा.

बाबांनी बशी खाली ठेवली आणि रडले. मीही.

८ सप्टेंबर

आज दाओमावशीच्या अंगणात दोघांच्या लग्नाचं जेवण झालं. सरकारी कागद नाही, मिरवणूक नाही, दोन्हीकडची माणसं आणि ज्येष्ठ मंडळ. खांगगुरुजींनी भाषण लांबवलं. भातातले मासे बाजूला काढणाऱ्या नातवाचा कान पिरगाळला गेला.

फोटो मीच काढला. बसण्याआधी दोघांचं भांडण. मावशी म्हणे, मी उजवीकडे. बाबा म्हणे, फोटोग्राफर मी आहे, उजेड डावीकडून येतोय. थुईने नवरीच्या ब्रशनेच मावशीच्या नाकाला पावडर लावली, मी काही बोलले नाही. शेवटी दोघं एकमेकांकडे वळून एकाच वेळी "तुम्ही गप्प बसा" म्हणाले, तो घेतला.

मग मी म्हटलं, "बाबा, आता बसलाच आहात तर एकट्याचाही काढू. देव्हाऱ्यासाठी."

"आज नाही," बाबा उठत म्हणाले. "सकाळची मासळी आलीय, ऊन लागण्याआधी मीठ लावायचंय. फोटो काय, कधीही निघेल." आणि आकाशी शर्टाच्या बाह्या वर करत पिंपांकडे गेले.

९ सप्टेंबर

बाबा मावशीकडे, घरात पहिली एकटी सकाळ. कॉफी दोघांची केली, दोन्ही मीच प्यायले.

दुकान उघडलं तर बाकावर त्वान. हातात शहाळं. काल जेवणातही होता, सगळ्या खुर्च्या त्यानेच उचलल्या. बेनआजोबांची आणखी एक प्रत हवी म्हणाला. आत्याला दिली, मामाला दिली, शेडमध्ये लावली, नव्या होडीतही लावली. मी म्हटलं, "अहो, तुमच्या घरी देव्हारे आहेत तरी किती?"

तो कानापर्यंत लाल झाला. मग म्हणाला, "प्रत नकोय. माझा काढायचा होता. देव्हाऱ्यासाठीचा."

"तुमचा? पन्नाशीही नाही आली. त्याला अजून खूप वर्षं आहेत. नंतर या."

त्याने शहाळं बाकावर ठेवलं, पुन्हा उचललं. समुद्राकडे बघत म्हणाला, "तेवढी वर्षं इथेच थांबलो तर चालेल?"

मी कॅमेऱ्याची पिशवी उघडली आणि बंद केली. मग म्हटलं, "बाहेर ऊन आहे. आत बसा."